आत्याची खूण आणि अठ्ठेचाळीस पायपुसणी

सिस्टर आमच्या घरात चालत येत नाहीत, उडी मारून येतात, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा त्यांना तसं करायला लागून आठवडा होऊन गेला होता.

सिस्टर म्हणजे काही उड्या मारण्याचं वय किंवा वजन असलेली बाई नव्हे. एकतीस वर्षं मोठ्या इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या, अंगानं भरलेल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधणाऱ्या. आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर मुलगा, सून आणि सहा महिन्यांची नात यांच्याबरोबर राहतात. निवृत्ती नावालाच. कोणाला इंजेक्शन द्यायचं, कोणाची जखम बांधायची, कोणाचं ब्लडप्रेशर बघायचं, की सिस्टरना हाक. सकाळी आठला खांद्याला पिशवी अडकवून निघतात त्या थेट जेवायच्या वेळेला घरी. माझ्या सासूबाईंचं ब्लडप्रेशर त्या दर सोमवारी आणि गुरुवारी बघतात. ते गेली सहा वर्षं एकाच आकड्यावर ठाण मांडून बसलेलं आहे, पण सिस्टरनी तो आकडा मोठ्यानं सांगितल्याशिवाय सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नाही.

सिस्टरची ख्याती अशी की त्या खोटं बोलत नाहीत. इतर नर्सबाया सुई टोचताना म्हणतात, "मुंगी चावल्यासारखं होईल हं." सिस्टर म्हणतात, "दुखणार." आणि दुखतं. आमच्या ह्यांच्या छातीत एकदा कळ आली तेव्हा हे घाबरून म्हणाले, "सिस्टर, मी मरणार नाही ना?" सिस्टरनी नाडी बघितली आणि म्हणाल्या, "आज नाही." ह्यांना त्या उत्तरानं जेवढा धीर आला तेवढा पुढे डॉक्टरांनीही दिला नाही.

तर त्या गुरुवारी मी दार उघडलं. सिस्टरनी एक पाऊल मागे घेतलं, पिशवी छातीशी घट्ट धरली आणि दारातलं पायपुसणं ओलांडून अशी उडी घेतली की शोकेसमधल्या कपबशा वाजल्या.

"काय पडलं गं?" सासूबाई आतून ओरडल्या.

"काही नाही. सिस्टर आल्यात."

मला वाटलं पाय घसरला असेल. पण जातानाही तेच. मग मी जरा लक्ष ठेवलं. शेजारच्या दारातही उडी, समोरच्या दारातही उडी. लिफ्टचं तर त्यांनी नावच टाकलं होतं, पट्टे बांधलेल्या गुडघ्यांनी जिने चढत होत्या. इमारतीत याचा अर्थ आपापल्या परीनं लावला गेला होता. सहाव्या मजल्यावरच्या बायकांचं ठाम मत होतं की हा गुडघ्यांचा नवा व्यायाम आहे. "इस्पितळातली बाई आहे, उगाच उडी मारेल का?" सेक्रेटरींच्या बायकोनं दोन दिवस तसंच केलं, तिसऱ्या दिवशी घोटा मुरगळून घेतला आणि तो बांधायला सिस्टरच त्यांच्या दारातून उडी मारून आत गेल्या.

शेवटी मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "सिस्टर, हे काय चाललंय?"

"काय?"

"उड्या."

सिस्टरनी चहाकडे बघितलं. खोटं बोलायची सवय नाही म्हणजे किती पंचाईत असते बघा. दुसरी कोणी असती तर "गुडघ्यांचा व्यायाम" म्हणून मोकळी झाली असती, उत्तर तयारच होतं. सिस्टर म्हणाल्या, "त्या पायपुसण्यावर माझी आत्या आहे."

ही पायपुसणी कुठून आली ते आधी सांगायला हवं. आमचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्तीनंतर इमारत सुंदर करण्याचा वसा घेतलेला माणूस. आठ मजले, मजल्यावर सहा दारं, प्रत्येक दारात वेगळं पायपुसणं. कुठे कुत्र्याचं चित्र, कुठे फाटलेला टॉवेल. हे त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. म्हणून त्यांनी पडदेवाल्यांच्या दुकानातून एकसारखी अठ्ठेचाळीस आणली आणि लिफ्टमध्ये बसवायला एक मोठं. जाड, मऊ, राखी रंगाची, आणि मधोमध लाल दोऱ्यानं भरलेली एक उठावदार आकृती. ती नेमकी कशी होती ते लिहायची मला परवानगी नाही. लोकांना ती कशी वाटली तेवढं सांगते. सेक्रेटरींना ती सूर्योदयासारखी वाटली, सासूबाईंना अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी आणि आमच्या ह्यांना डोकं दुखत असलेल्या माणसासारखी. प्रत्येकाला एक चिठ्ठी टाचलेली होती: "आनंद-चिन्ह. डोंगरातल्या अज्ञात आदिम कलावंतांची हजारो वर्षांची प्राचीन कला, आता तुमच्या पायाशी!"

मी स्वतः ती चिठ्ठी कौतुकानं दोनदा वाचली होती. हे लिहिताना मला आता लाज वाटते, पण वाचली होती.

सिस्टर डोंगरातल्या. तिकडे मुलगी जन्मली की घरातली सगळ्यात मोठी आत्या तिच्यासाठी एक खूण काढते. ती फक्त तिची. तशी आधी कोणाची नसते, पुढे कोणाची काढत नाहीत. आत्या ती लाल दोऱ्यानं एका फडक्यावर भरते आणि त्या फडक्यात बाळाला गुंडाळते. "नाव काय, हाक मारायला असतं," सिस्टर म्हणाल्या. "खूण म्हणजे ती बाईच." खूण काढायची ती पहिला दात यायच्या आत. दात आधी आला तर ती पोर जन्मभर बिनखुणेची. सगळ्यांच्यात असते, पण कोणाच्या मोजणीत नसते.

"आणि या पायपुसण्यावर..."

"माझ्या आत्याची. ब्याऐंशी वर्षांची आहे. रविवारी येतेय, डोळ्यांच्या ऑपरेशनला. आणि नातीची खूण काढायला." सिस्टरनी कप बाजूला सरकवला. "खुणेवर पाय पडत असेल तर त्या बाईचा हात बंद होतो, वहिनी. तिला दुसऱ्या कोणाची खूण काढता येत नाही. आणि पोरीची लाळ गळायला लागलीय."

"पण पडदेवाल्यांना ती मिळाली कुठून?"

सिस्टरनी मांडीवरची पिशवी माझ्यासमोर धरली. तिच्यावर आत्यानं स्वतःच्या हातानं आपली खूण भरून दिली होती, शहरात पोरगी एकटी पडू नये म्हणून. पडदेवाल्यांना मागच्या वर्षी नको त्या जागी गळू झालं होतं. सिस्टर रोज जाऊन ते साफ करत. पालथे पडलेल्या पडदेवाल्यांची नजर पिशवीवर गेली. म्हणाले, "दोन दिवस देता का? बायकोला दाखवतो." आणि सिस्टरच्या लोकांत अशी रीत आहे की आजाऱ्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

"म्हणजे मीच दिली," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या हातानं."

"अहो, मग पायपुसणी आल्या आल्या सांगायचं नाही का सगळ्यांना? आठवडाभर उड्या कसल्या मारताय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मी म्हटलं असतं, "एवढंच ना!"

मग मात्र मी पदर खोचला. आधी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, भावना समजतात, पण एकसारखेपणाचं काय?" मी म्हटलं, "रविवारी एक दिवस उचला." ते म्हणाले, "पण त्यांना मोतीबिंदू आहे ना? दोन्ही डोळ्यांत? मग दिसणार कसं?" हा मुद्दा बिनतोड आहे असं त्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटला. तरीही मी दारोदार फिरून रविवारी सकाळी सगळी पायपुसणी आत घ्यायला लावली. लिफ्टमधलं तेवढं निघेना. सेक्रेटरींनी ते स्वतः डिंकानं चिकटवलं होतं, कायमचं सुंदर राहावं म्हणून. मी त्यावर वर्तमानपत्र पसरलं.

आत्या आल्या. वाळलेल्या शेंगेसारखी किडकिडीत म्हातारी, पाठीला बोचकं, आणि अनवाणी. चपला घातल्या की वाट कळत नाही म्हणे. सिस्टर त्यांना जिन्याकडे वळवू लागल्या.

"पाच मजले चढवतेस होय गं? ती पेटी आहे ना वर नेणारी?"

"आहे," सिस्टर म्हणाल्या. काय करणार, होती.

लिफ्टचं दार उघडलं. तेवढ्यात आतून सेक्रेटरी बाहेर आले, आणि पायाला चिकटलेलं वर्तमानपत्र स्वच्छतेच्या आवडीनं गोळा करून घेऊन गेले. आत्यांनी आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबल्या. मग दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं हळूहळू चाचपडलं. वरची रेघ, खालचं वळण. मग खाली बसल्या आणि बोटं फिरवली.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ही मी आहे."

लिफ्टचं दार मिटायला येई, माझा हात बघून परत उघडे. तीनदा तसं झालं. आत्या खालीच बसून होत्या. एवढीशी बाई, त्या राखी चौकोनावर अजूनच एवढीशी दिसत होती.

"किती दिवस चालतायत यावरून?" त्यांनी विचारलं.

"बारा," सिस्टर म्हणाल्या. "आणि पिशवी मी दिली होती, आत्या."

"ते नंतर बघू. आधी मला उचल. स्वतःवर उभं राहायची माझ्यावर वेळ आली."

घरी गेल्यावर आत्यांनी नातीला मांडीवर घेतलं, मुके घेतले, पायाच्या बोटांपासून टाळूपर्यंत चाचपली, फक्त तोंडात बोट घातलं नाही. मग आपला उजवा हात पदराखाली झाकला. "हात बंद आहे," म्हणाल्या. "ज्यांनी पाय दिलेत त्यांनी स्वतःच्या हातानं धुवायचं आणि टाका टाका उसवायचं. सुनेकडून नाही, मोलकरणीकडून नाही. मग बघू." मी चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवलं, दाखवायला नको होतं.

"हजारो वर्षांची? मी?"

"तसं छापलंय."

"आणि अज्ञात? अगं, मला तर आमच्या तीन डोंगरांत कुत्रीसुद्धा ओळखतात!"

दुसऱ्या दिवशी सिस्टरना पडदेवाल्यांकडे जायचंच होतं. गळू परत आलं होतं, त्याच जागी. कोणी म्हणालं, जाऊ नका, चांगली खोड मोडेल. सिस्टर म्हणाल्या, "जखमेनं काय केलंय?" आणि निघाल्या. आत्या म्हणाल्या, मीही येते. मी म्हटलं, मलाही पडद्याचं कापड बघायचंच आहे. नव्हतं बघायचं, पण मी काही सिस्टर नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत, गालिच्यांच्या गुंडाळ्यांमध्ये, पडदेवाले खाटेवर पालथे पडले होते. दारातलं पायपुसणं आम्ही तिघींनी ओळीनं ओलांडलं. आत्या उचलून पलीकडे ठेवण्याइतक्या हलक्या होत्या, सिस्टरनी ठेवल्या. मग सिस्टर कामाला लागल्या आणि आत्या त्यांच्या डोक्याशी स्टुलावर बसल्या. पडदेवाल्यांना उठता येईना, वळता येईना.

"दुखणार," सिस्टर म्हणाल्या.

"आई गं! या कोण?"

"ज्यांच्यावर तुम्ही पाय पुसता त्या," मी म्हटलं.

सगळं ऐकल्यावर पडदेवाले उशीत तोंड खुपसून म्हणाले, "आजी, गैरसमज होतोय. आम्ही तर तुमच्या कलेचा सन्मान केला."

"तुमच्यात सन्मान पायाखाली करतात होय?"

"तसं नाही... बरं, मी चिठ्ठीवर तुमचा फोटो छापतो. नावासकट."

"म्हणजे तोंडपण पायाखाली."

"मग पायपुसणं बंद. उशीच्या खोळीवर काढू? उशी डोक्याखाली असते."

"आणि रात्रभर तुमचं घोरणं मी ऐकायचं?"

"कपावर?"

"परक्या पुरुषाच्या तोंडाला लागू? या वयात?"

"टॉवेलवर..." पडदेवाले म्हणाले, आणि आत्यांनी नुसतं त्यांच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांना दिसत नव्हतं, पण पडदेवाल्यांना दिसत होतं. "नको, टॉवेल नको," ते स्वतःच म्हणाले.

मग त्यांनी व्यापाऱ्याचा शेवटचा डाव टाकला. "आजी, चित्र कोणाच्या मालकीचं नसतं."

आत्यांनी शांतपणे मान हलवली. "बरोबर. खूण मालकीची नसते, नात्याची असते. आमच्यात खूण आपल्या घरात आत्याचीच ठेवतात. तुझ्या दुकानात माझ्या एवढ्या आहेत, म्हणजे तू माझा भाचा झालास. भाच्याकडे आत्या हक्कानं राहते. उद्या किती वाजता उघडतोस?"

पडदेवाल्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आत्या पायरीवर बसलेल्या होत्या. मग तीन दिवस रोज. सगळ्यात उंच गालिच्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसायच्या. गिऱ्हाईक आलं की बोटांनी कापड चोळून बघायच्या आणि सांगायच्या, "हे दोन धुण्यांत विटेल. भाचा माझाच आहे, पण विटेल." कोणी पायपुसण्याला हात लावला की, "ते ठेव बाई, ती मी आहे." एक नवरा-बायको पडद्यांच्या रंगावरून भांडत होते, त्यांना समोरासमोर बसवून तासभर समजावलं, ते समेट करून, काहीही न घेता, हातात हात घालून निघून गेले. पडदेवाल्यांची बायको डबा घेऊन आली तर आत्यांनी तिची विचारपूस केली आणि नवऱ्यानं तिला पाच वर्षांत कुठे फिरायला नेलं नाही ही गोष्ट चारचौघांत बाहेर काढली. त्यानंतर ती बाई रोज यायला लागली. आत्यांच्या शेजारी थप्पीवर बसायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी पडदेवाले पाचव्या मजल्यावर आले. मांडीखाली घ्यायचं हवा भरलेलं रबरी चक्र त्यांनी काखेत धरलं होतं. दारात उभे राहून म्हणाले, "आजी, चुकलं."

"काय चुकलं?"

आम्हाला वाटलं, झालं, आता कशाला ताणायचं. पण आत्या उत्तराची वाट बघत राहिल्या.

"विचारलं नाही," पडदेवाले काखेतलं चक्र सावरत म्हणाले. "सिस्टरकडे पिशवी मागताना बायकोला दाखवतो म्हटलं, ते खोटं होतं. आणि तुम्ही असाल असं मला वाटलंच नाही. म्हणजे, अशी कोणी खरोखर असेल, असं."

"बस," आत्या म्हणाल्या. "चक्रावर बस."

त्या दुपारी आमच्या गच्चीवर जे दृश्य होतं ते मी जन्मात विसरणार नाही. बादल्या, साबण, आणि उसवायच्या सुया घेऊन बसलेली अख्खी इमारत. सहाव्या मजल्यावरच्या बायका रांगेत. सेक्रेटरींच्या बायकोचा बांधलेला घोटा खुर्चीवर. सेक्रेटरी लिफ्टमधलं पायपुसणं चाकूनं खरवडून काढत, आपल्याच डिंकाला शिव्या घालत. दुकानातली उरलेली पायपुसणी पडदेवाल्यांच्या वाट्याला. या माणसानं आयुष्यात हातरुमाल धुतलेला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी बादलीत साबणाची अख्खी वडी टाकली आणि फेस जिन्यावरून सातव्या मजल्यापर्यंत उतरला. रबरी चक्रावर बसून ते एकेक लाल टाका उसवत होते आणि थप्पीवरची सवय लागलेली त्यांची बायको पाण्याच्या टाकीवर बसून सूचना देत होती.

बाहेर विकली गेलेली बरीच त्यांनी फोन करकरून परत मागवली होती. तरी अकरा कुठे गेली ते कळेना. सिस्टरचं तोंड उतरलं. आत्यांनी विचार केला. "ज्याला माहीत नाही त्याचा पाय पडत नाही," त्या म्हणाल्या. "माहीत असून ठेवतो त्याचा पडतो. म्हणून आधी सगळ्यांना माहीत कर." आणि दुकानावर पाटी लावायला लावली. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहून काढला: "इथून नेलेल्या पायपुसण्यावरची खूण एका जिवंत बाईची आहे. परत आणून द्यावी. ती वाट बघतेय." 'जिवंत' हा शब्द त्यांनी लाल रंगात मागितला.

लाल दोऱ्यांचा हा एवढा गुंता जमला होता. मला भरून आलं. कॉलेजात वाचलेली सगळी पुस्तकं एकदम डोक्यात आली आणि मी म्हटलं, "आत्या, याच दोऱ्यानं बाळाची खूण भरली तर? किती सुंदर होईल!"

"पायाखालचा दोरा पोरीच्या अंगाला? वेड लागलंय का?" आत्या म्हणाल्या. मी परत उसवायला लागले.

संध्याकाळी सेक्रेटरींनी मोजणी केली. "सत्तेचाळीस. सिस्टरनी आपलं पहिल्या दिवशीच खुंटीला टांगलं होतं, तेही यात आलं. एक कमी आहे." त्यांनी वहीत बघितलं, चष्मा सारखा केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठवडाभरात प्रथमच आनंद पसरला. "वहिनी, तुमचं."

मी म्हटलं, शक्यच नाही. मी ते दारामागे उभं करून ठेवलं होतं. घरी धावले. दारामागे नाही. मग मला सासूबाईंच्या खोलीतला पलंग आठवला, आणि पलंगापुढे तीन दिवसांपासून अंथरलेला टॉवेल आठवला. टॉवेल उचलला. कोंबडी.

"माझे पाय गार पडतात," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, तुम्हाला सगळं माहीत होतं!"

"म्हणून तर वर टॉवेल घातला."

तेवढ्यात दारातून काठी वाजली. सिस्टर आणि आत्या आत आल्या. चालत आल्या, आता दारात ओलांडण्यासारखं काही नव्हतं. आत्या पलंगावर सासूबाईंच्या शेजारी बसल्या आणि हात पुढे करून त्यांचे पाय चाचपले.

"खरंच गार आहेत की."

"मग!" सासूबाई मला उद्देशून म्हणाल्या. "या घरात कोणाला पटत नव्हतं."

"सून लक्ष देत नाही?"

"देते बिचारी. पण पुस्तकं वाचते."

मी तिथेच उभी होते. पाच मिनिटं माझ्यावर चर्चा झाली. मग आत्यांनी आपल्या बोचक्यातून लोकरीचे जाड पायमोजे काढले आणि सासूबाईंच्या पायांत चढवले. "थंडीतसुद्धा मी घालत नाही," म्हणाल्या. "पोरगी देते म्हणून घेते." सासूबाईंनी पायांची बोटं हलवून बघितली. मग काही न बोलता उठल्या, न्हाणीघरात स्टूल मागवलं आणि ज्या बाईनं गेल्या बारा वर्षांत चमचाही विसळला नाही तिनं ते पायपुसणं धुतलं, माझा साबण कसा निकृष्ट आहे हे सांगत. टाके काढायला रात्र झाली असती, पण दोघी म्हाताऱ्यांची नजर अधू आणि बोटं तरबेज. दिवे लागायच्या आत ते कोरं झालं.

"झालं," आत्या म्हणाल्या. पदराखालचा हात बाहेर काढला, बोटं उघडली-मिटली. "चल पोरी."

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

पाचव्या मजल्यावर सुनेनं बाळाला आणलं. पांढरं फडकं तयार होतं, सुईत नवा लाल दोरा सिस्टरनीच ओवला. आत्यांनी सुई हातात घेतली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "दात आलाय का?"

खोलीत सगळे सिस्टरकडे बघायला लागले. सून पदराशी चाळा करायला लागली, त्यावरून मी समजले. सिस्टर रोज सकाळी बोट घालून हिरडी बघत होत्या. एकच शब्द म्हणायचा होता. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होते, म्हणा हो, नाही म्हणा, एकदाच.

"आलाय," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी लागला बोटाला. कणीएवढा. खालचा." आणि त्या रडायला लागल्या. एकतीस वर्षं लोकांच्या जखमा बांधलेली बाई, हमसून हमसून रडली. "मीच पिशवी दिली. मीच उशीर केला."

आत्यांनी शांतपणे फडकं मांडीवर पसरलं, अंगठ्यानं त्याचा मध्य शोधला.

"कोणाला दिसतोय?"

"आत्या, मला लागला..."

"लागला नाही विचारत मी. रीत दिसण्याची आहे. दात बघायचा तो आत्यानं, स्वतःच्या डोळ्यांनी. आण तिला इकडे." बाळाला अगदी नाकापाशी धरून त्यांनी आपले दुधाळ डोळे तिच्या तोंडावर रोखले. वाकून, तिरकं होऊन, अगदी निरखून बघितलं. "छे. मला तर तोंडसुद्धा दिसत नाही."

"पण उद्या तुझं ऑपरेशन झालं की दिसेल," सिस्टर हुंदके देत म्हणाल्या. या बाईचं काय करावं!

"उद्या दिसेल तेव्हा उद्या बघू. आज शुक्रवार आहे. नाक पूस आणि दिवा जवळ आण. मला नको, माझ्या सुईला."

आणि त्या भरायला लागल्या. एक टाका घालायचा, बोटानं चाचपायचा, पुढचा घालायचा. मधेच बाळानं त्यांचं मोकळं बोट पकडून तोंडात घातलं आणि चावलं. आत्यांनी "आई गं" म्हटलं, मग आमच्या सगळ्यांच्या दिशेनं तोंड फिरवून म्हणाल्या, "हिरडी कडक आहे हो पोरीची."

कोणी काही बोललं नाही. सिस्टरसुद्धा.

नातीची खूण मी पाहिली. इमारतीत सगळ्यांनीच पाहिली. ती कशाकशासारखी दिसते यावर आमच्याकडे जोरदार वाद आहेत, पण ते मी इथे लिहिणार नाही. तुमच्यापैकी कोणाचं पडद्यांचं दुकान असायचं. एवढंच सांगते की आमच्या ह्यांना ती डोकं दुखत असलेल्या माणसासारखी वाटली नाही.

सोमवारी सिस्टर ब्लडप्रेशर बघायला आल्या. मी दार उघडलं. दारात नुसती फरशी होती. तरी सिस्टरनी सवयीनं एक पाऊल मागे घेतलं, पिशवी छातीशी धरली आणि उडी मारली.

"काय पडलं गं?" सासूबाई आतून ओरडल्या, पायात मोजे घालून.